लेवल राहू दे, आधी विहिरीत डोकाव

प्रश्न निपाणीच्या एका कॉलेजच्या पोराचा आहे. तीन महिने तो एका मडमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळात, जातोय. लेवल अजून अकरा. त्याच्याबरोबर सुरू केलेले दोन मित्र चाळिशीच्या पुढं गेले आणि ते त्याला म्हणतात, "पयला लेवल वाढीव की गा, गोष्टी मागनं वाच." ह्याला मात्र देवळाच्या भिंतीवर काय कोरलंय, जुन्या राजांचं भांडण कशावरून झालं, वेशीवरची म्हातारी काय पुटपुटते यातच रस. तो विचारतो : अक्का, हे वेळ घालवणं आहे काय? कमी लेवलनं असं किती लांब जाता येतं? आणि माझं इंग्रजी यथातथाच, त्याचं काय करू?

मी 2003 पासून या खेळांत आहे. बेळगावात टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत सुरुवात झाली. तेव्हा फोनच्या तारेवरून येणारं नेट असं होतं की एखादा फोटो वरून खाली उतरेपर्यंत चहा पिऊन यावं. मजकूर मात्र त्या तारेवरून सुद्धा लगेच यायचा, म्हणून मी इथं अडकले. त्यात फार मोठी आवडनिवड नव्हती. दिवसा मी एका छापखान्यात डीटीपी करते, लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये. मधली सहा वर्षं एका मडमध्ये बिल्डर होते, म्हणजे तुम्ही ज्या खोल्यांतून पळत जाता त्या लिहिणारी. त्यामुळं दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

वेळ घालवणं नाही. खरं तुझे मित्रही अगदीच चुकीचं बोलत नाहीत. ते ज्या घराण्याच्या खेळात आहेत त्या घराण्याची रीत सांगतायत.

घराणं म्हणते कारण मडची घराणी आहेतच. पहिलं मड 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं लिहायला घेतलं आणि पुढं रिचर्ड बार्टलनं वाढवलं. त्यात खजिने शोधून दलदलीत टाकले की गुण मिळायचे आणि गुण साठले की माणूस विझार्ड, म्हणजे खेळाचा कारभारी, व्हायचा. म्हणजे चढायची शिडी पहिल्या दिवसापासून होतीच, ती कुणी मागनं बिघडवायला आणली असं नाही. 1989 साली दोन वेगळ्या वाटा फुटल्या. स्वीडनच्या लार्स पेन्शोनं एलपीमड केलं. त्यात खोली लिहिणाऱ्याला स्वतःचा कोडही लिहिता येतो, त्यामुळं त्या घराण्यातल्या वस्तू काहीही चमत्कार करू शकतात : पुस्तक पानापानानं उलगडतं, घंटा वाजवली तर दोन गल्ल्या पलीकडं ऐकू येते. त्याच वर्षी जेम्स ॲस्पनीसचं टायनीमड आलं. तिथं मारामारीवर भर नव्हता, ज्याला वाटेल त्यानं खोली बांधावी आणि गप्पा माराव्यात. आणि 1991 साली कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पोरांनी डिकूमड काढलं. ते बसवायला सोपं, बसवलं की लगेच चालू. त्याच्या नकला आणि नकलांच्या नकला जगभर पसरल्या. लेवल, त्यावर लेवल, त्यावर आणखी लेवल ही तुझ्या मित्रांची सवय या घरातली.

तुझा खेळ कुठल्या घराण्यातला हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. आत जाण्याआधीचा पहिला पडदा वाच. डिकूच्या परवान्यात अटच आहे की मूळ कर्त्यांची नावं सुरुवातीला दिसली पाहिजेत आणि 'क्रेडिट्स' टाइप केल्यावरही मिळाली पाहिजेत. नावं डॅनिश दिसली की समज. तू 'मिडगार्ड' नावाच्या गावातल्या देवळात जन्माला आला असशील तर ते वाचायचीही गरज नाही. हे गाव डिकूबरोबर फुकट मिळतं. शेकडो खेळांत तेच देऊळ, तोच चौक, तोच बेकरीवाला. मी पहिले दोन महिने त्या मिडगार्डचा इतिहास शोधण्यात घालवले होते. इतिहास काही नव्हता, ते तयार फर्निचर होतं.

अशा खेळात एक युक्ती आहे. 'एरियाज' म्हणून हुकूम दे. भागांची यादी येते : डावीकडं लेवलचा पल्ला आणि बाजूला लिहिणाऱ्याचं नाव. सगळे डावीकडचा आकडा बघून कुठं जायचं ते ठरवतात. तू नाव बघ. एखाद्या नावाचा एक भाग चांगला निघाला की त्याच नावाचे बाकीचे भाग शोध. वाचनालयात आपण लेखक बघूनच पुस्तक उचलतो, पानांची संख्या बघून नव्हे. मला अशी तीन नावं सापडली होती आणि त्यातल्या एकीच्या खोल्यांसाठी मी चार वर्षं तो खेळ सोडला नाही.

आता वाचायचं कसं. यावर जरा थांबते, कारण सगळं इथंच आहे.

डिकू पद्धतीची खोली आतून कशी असते ते सांगते. साधी मजकुराची फाइल. आधी चिन्ह आणि खोलीचा क्रमांक (मिडगार्डच्या देवळाचा 3001, हे सगळ्या जुन्या बिल्डरांना पाठ). मग खोलीचं नाव, मग वर्णन. पुढं दारं : डी शून्य म्हणजे उत्तर, डी एक पूर्व, असं डी पाचपर्यंत, पाच म्हणजे खाली. त्याच्यानंतर कधीकधी 'ई' ह्या अक्षरानं सुरू होणारे तुकडे असतात. त्यात एखादा शब्द आणि त्या शब्दाचं वेगळं वर्णन. खेळणाऱ्यानं तोच शब्द घेऊन 'लुक' किंवा 'एक्झामिन' म्हटलं तरच ते दिसतं, नाहीतर जन्मात नाही. नाव, वर्णन, दारं हे लिहावंच लागतं. 'ई' कुणी लिहायलाच लावत नाही आणि ते वाचून कुणाला एक गुणही मिळत नाही. म्हणजे जिनं ते लिहिलं तिनं हौसेनं लिहिलं, रात्री जागून. मी स्वतः असे किती तुकडे लिहिले आणि ते किती जणांनी उघडले याची नोंद सर्व्हरवर दिसायची. आकडा सांगत नाही, लाज वाटते.

तर खोलीत शिरल्यावर वर्णनातली नामं काढ. शाळेत व्याकरणाला काढायचो तशी. माझ्या पहिल्या खऱ्या शोधाची हकिगत सांगते म्हणजे कळेल. एका खेळात गावाचा चौक होता. वर्णन चारच ओळींचं : मध्ये विहीर, काठावर दोरीनं पडलेले चर, बाजूला घोड्यांसाठी दगडी कुंड, कडेला बेकरी. शंभर वेळा तिथनं गेले असेन. एकदा खेळ हळू झाला होता, मित्राची वाट बघत उभी होते, म्हणून 'लुक विहीर' केलं. कोरडी, तळाला पाला. ठीक. मग 'लुक चर'. उत्तर आलं की सगळे चर जुने, गुळगुळीत झालेले, फक्त उत्तरेकडचा एक कडेला अजून खरबरीत आहे.

बघ की. विहीर कोरडी आणि एक चर नवा. मी बेकरीवाल्याला विहिरीबद्दल विचारलं. तो म्हणाला, पुरानंतर आम्ही त्यातलं पाणी पीत नाही. पूर! हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. पूर घेऊन पुजाऱ्याकडं गेले. तो काही बोलला नाही, पण पडद्यावर एक ओळ आली की त्यानं घंटेकडं बघितलं. घंटेवर दान देणाऱ्या बाईचं नाव. ते नाव गावाबाहेरच्या स्मशानात एका थडग्यावर, आणि त्या थडग्यावरची तारीख पुराच्या आधीची. मेलेल्या बाईनं पुरानंतरच्या घंटेला पैसे दिले कसे? आठ दिवस लागले. शेवटी उत्तरेकडच्या पडक्या वाड्यातून विहिरीत उतरणारी वाट सापडली. खाली एक खोली होती, आणि पुराच्या रात्री गावानं काय केलं ते तिथं लिहिलेलं होतं. ते मी सांगणार नाही, कारण तो खेळ अजून चालू आहे. मिळालेले गुण शून्य. त्या आठ दिवसांत माझी लेवल सहाच राहिली.

यातनं घ्यायचं ते एवढंच की प्रत्येक उत्तरातून पुढचं नाम उचलायचं आणि विशेषणाकडं कान ठेवायचा. नामापुढं विनाकारण विशेषण आलं असेल, 'नवी' दोरी, 'बंद' खिडकी, 'डावा' हात, तर ते विनाकारण नसतं. चांगला बिल्डर शब्द फुकट घालवत नाही. वाईट बिल्डर विशेषणांचा ढीग घालतो, तो दोन खोल्यांत ओळखू येतो, तिथनं सरळ बाहेर पड.

आणि 'ब्रीफ' बंद कर. तुझ्या मित्रांनी ते नक्की चालू केलं असणार. त्यानं वर्णन गाळून फक्त खोलीचं नाव दिसतं, पळायला बरं. त्यांनी ते जग बघितलेलंच नाही, नकाशा बघितलाय.

खानापूर तालुक्यात आमच्या आजोळी मारुतीच्या देवळामागं एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून शेंगा खायचो. आज्जानं एकदा कान धरून उठवलं आणि ते खालून वर वाचायला शिकवलं : सगळ्यात खाली लढाई, गुरं पळवणारे आणि त्यांना अडवणारा, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, त्याच्या वर तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि डोक्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत ह्याचं नाव राहील. नाव मात्र कुठंच कोरलेलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला तो तेल लावलेला धोंडा. मला मड समजलं ते त्या धोंड्यामुळं, असं म्हटलं तर जरा जास्त होईल. पण 'चर' हा शब्द टाइप करायची बुद्धी तिथनंच आली असावी.

पात्रांशी बोलण्याचं तंत्र जरा वेगळं. एलपी घराण्यात 'आस्क' करून विषय विचारता येतो. डिकू घराण्यात तसं नसलं तरी पुष्कळ पात्रांना शब्द पकडणारे छोटे प्रोग्रॅम जोडलेले असतात. तू त्यांच्यासमोर 'से' करून तो शब्द उच्चारलास की ती बोलतात. शब्द नेमका लागतो. एकवचन चालत नसेल तर अनेकवचन दे. थडग्यावर, घंटेवर, तलवारीच्या मुठीवर जी नावं सापडतील ती प्रत्येक म्हाताऱ्या पात्रासमोर उच्चारून बघ. वस्तू हातात देऊन बघ. काही पात्रं तर नुसती उभं राहून ऐकायची असतात, दहा-पंधरा मिनिटांनी एखादी ओळ पुटपुटतात. तुझी ती वेशीवरची म्हातारी त्यातली. लेवलवाले तिला तीन सेकंदांत मारून पुढं जातात, कारण त्यांच्या लेखी ती गुणांची पिशवी आहे.

वस्तूंचं तसंच. 'आयडेंटिफाय' केलं की तलवारीचे आकडे कळतात, 'लुक' केलं की ती कुणाची होती ते. मदतीच्या फाइली आणि सूचनाफलकावरच्या जुन्या नोंदी पण चाळ. 'स्मेल' आणि 'लिसन' चालतात काय ते प्रत्येक खेळात एकदा तपास. हे मला एका अंध खेळाडूनं शिकवलं. पुष्कळ अंध मंडळी मड खेळतात, कारण हा सगळाच खेळ मजकूर, आणि एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. आमची नजर लांबलचक वर्णनावरून घसरते, पण त्याला प्रत्येक शब्द ऐकावाच लागायचा. आमच्यापेक्षा दुप्पट गोष्टी त्याला सापडायच्या यात नवल नव्हतं.

आता कमी लेवलनं कुठवर जाता येतं. लेवल म्हणजे कोगनोळीचा टोलनाका. कोल्हापूरला जायचं तर तिथं पैसे द्यावेच लागतात, पण नाक्यावर कुणी घर बांधत नाही. काही भागांचं दारच ठराविक लेवलशिवाय उघडत नाही, काही ठिकाणी वाटेत असं जनावर असतं की ते दिसताच झडप घालतं. तेवढ्यापुरती लेवल वाढव, बिनधास्त, त्यात कमीपणा नाही. एखाद्या शनिवारी मित्रांच्या मागं लागून पाच लेवल उरकून घे. अकरावर अडून बसण्यात काही तत्त्व नाही.

पण त्याआधी बिनलढाईच्या वाटा बघ. पात्र निवडायचं असेल तर चोर किंवा जंगलात वावरणारा घे, ज्याला पाय न वाजवता जाता येतं, लपता येतं. कुठल्याही नव्या प्राण्यासमोर 'कन्सिडर' कर, तो तुला खाईल की नाही ते खेळच सांगतो. 'विंपी' उंच ठेव, म्हणजे थोडं लागलं की तुझं पात्र आपणच पळतं. अदृश्य होण्याची औषधं विकत मिळतात, पैसे त्यावर घाल, चिलखतावर नको. आणि धोक्याच्या भागात जाताना जवळपास रिकाम्या हातानं जा. डिकू पद्धतीत मेलास तर सामान प्रेताबरोबर तिथंच राहतं आणि काही गुण जातात. अकरा लेवलच्या माणसाचं जाऊन जाऊन काय जाणार? चाळीस लेवलचे तुझे मित्र मरायला घाबरतात, तू त्यांच्यापेक्षा मोकळा आहेस. मी एका गडाचा पहिला मजला सतरा वेळा मरून वाचला. प्रत्येक वेळी एक खोली जास्त. (हे सगळीकडं लागू नाही. आर्मागेडनसारख्या खेळात पात्र मेलं की कायमचं मेलं. तिथं असलं धाडस करशील तर रडशील.)

मित्रांना सोडायचीही गरज नाही. त्यांच्या टोळीबरोबर मागं मागं जा. त्यांना सांग, मी लढत नाही, लुटीतला वाटा नको, फक्त मारून झाल्यावर दोन मिनिटं थांबा, मला खोली वाचू द्या. आधी कंटाळतील. मग एक दिवस तू म्हणशील की ह्या भिंतीवरच्या नावाचा माणूस तळघरात बांधलेला असणार, आणि खरंच तळघर निघेल, त्यानंतर थांबतील. बार्टलनंच 1996 साली एका लेखात मड खेळणाऱ्यांचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवरून पाडले होते : मिळवणारे चौकट, शोधणारे इस्पिक, गप्पिष्ट बदाम आणि दुसऱ्याला छळणारे किलवर. इंग्रजीत इस्पिकला फावड्याचंच नाव आहे, शोधणारे खणतात म्हणून तो रंग त्यांचा. तुझे मित्र चौकट आहेत. तू इस्पिक. पत्त्याचा डाव एका रंगावर होत नाही, हे निपाणीच्या माणसाला मी काय सांगू.

इंग्रजीचा प्रश्न तू शेवटी आणि लाजत विचारलास, पण तोच खरा अडथळा आहे आणि तो सुटतो. मडलेट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यातनं खेळात जा आणि लॉग ठेवायची सोय चालू कर. जे पडद्यावर येईल ते फाइलमध्ये साठतं. खेळताना अडू नको, पुढं जा. दुसऱ्या दिवशी फाइल उघड आणि शब्दकोश घेऊन निवांत वाच. दोन महिन्यांत तुझ्या लक्षात येईल की या खेळांतलं अवघड इंग्रजी फिरून फिरून तेच आहे. दगड, कापड, हत्यार, उजेड आणि पडझड, एवढ्याच गोष्टींचे शब्द. 'हिल्ट' म्हणजे तलवारीची मूठ, 'मॉस' म्हणजे शेवाळ, 'आल्कोव्ह' म्हणजे भिंतीतला कोनाडा, 'लिंटल' म्हणजे दाराच्या चौकटीवरची आडवी शिळा, आपल्याकडं जिथं गणपती कोरतात ती. मी अशी यादी वहीच्या मागच्या पानावर केली होती, ती दोनशे शब्दांच्या आत आटोपली. व्याकरण कच्चं राहिलं तरी चालतं, तू वाचणार आहेस, भाषण देणार नाहीस. शिवाय लॉगचा दुसरा फायदा : एखादं नाव पुन्हा भेटलं की फाइलीत शोधता येतं, आधी कुठं आलं होतं ते.

मडलेट नकाशाही आपोआप काढतं. पहिल्यांदा तो बंद ठेव आणि हातानं काढ. हातानं काढताना लक्षात येतं की ह्या वाड्याच्या दोन खोल्यांमध्ये एका खोलीची जागा रिकामी राहतेय. लपवलेलं दार बहुतेक तिथंच.

वही ठेवच. डाव्या पानावर जे वाचलं ते, उजव्या पानावर तुला काय वाटतं ते. दोन्ही मिसळू नको. मी मिसळलं आणि फजिती झाली ती सांगते. एका खेळात एक राजा उत्तरेच्या भागात पटकीनं मेला होता आणि दक्षिणेच्या भागात त्याच राजाला भावानं मारलं होतं. मी चार महिने खपून सिद्धांत मांडला : राजे दोन, नाव एक, दुसरा तोतया, पटकी ही भावानं पसरवलेली हूल. अर्धी वही भरली. पुरावे पण काय जुळत होते! शेवटी ते पत्र करून तिथल्या बिल्डरला पाठवलं. त्याचं उत्तर आलं की ते दोन भाग आठ वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या माणसांनी लिहिले आणि दुसऱ्यानं नाव सहज सुचलं म्हणून ठेवलं होतं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं चूक दाखवल्याबद्दल माझे आभार मानले आणि दक्षिणेतल्या राजाचं नाव बदलून टाकलं. माझ्या राजांची हत्या माझ्याच पत्रानं झाली.

म्हणून दोन हकिगती जुळत नसल्या की आधी लिहिणाऱ्याचं नाव बघायचं. एकाच लिहिणाऱ्याच्या भागात विसंगती असेल तर ती मुद्दाम ठेवलेली असण्याची शक्यता जास्त, तिथं खणायचं. दोन हातांची असेल तर हात आखडता घ्यायचा. आपल्याकडं निम्म्या जुन्या देवळांबद्दल पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणून सांगतात. आणि बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन देऊळ बघितलंस तर ते 1204 सालचं, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेलं. कोण सांगतंय हे कळलं की दोन्ही हकिगती ठेवता येतात. वहीत फक्त त्या वेगवेगळ्या पानांवर हव्यात.

सापडलेलं इतरांना किती सांगायचं? कोड्याची उत्तरं जाहीर लिहू नको, पुष्कळ खेळांत तो नियमच असतो. दिशा सांग : चौकात जरा थांब, म्हण. विहिरीचं नावही घेऊ नको.

मराठीत असं काही का नाही, हेही तू जाता जाता विचारलंयस. जुन्या मडांना साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं झेपायचं नाही, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची. आता तसं नाही. एव्हेनिया म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली, मड बांधायची फुकट चौकट आहे, तिला देवनागरी चालते. मी घरच्या मशिनवर त्यात तीसेक खोल्यांचं एक गाव बांधतेय, शहापूर-वडगावसारखं, मागांचा आवाज असलेलं. अडचण लिपीची नाहीच, विभक्तीची निघाली. इंग्रजीत 'वेल' हा शब्द कुठंही वेलच. आपल्याकडं माणूस 'विहीर बघ' पण टाइप करतो आणि 'विहिरीत बघ' पण. मशिनच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. घंटा, घंटेवर, घंटेकडं. चर, चरात, चराला. प्रत्येक वस्तूला पाच-सहा टोपणनावं द्यावी लागतात, तेव्हा कुठं ती ओळख देते. शिवाय आपल्या भागात निम्मी माणसं तीच वस्तू कन्नडमध्ये मागतात, म्हणून 'बावी' पण टाकलंय. विहीर म्हण नाहीतर बावी म्हण, उघडते तीच.

उत्तरेकडचा चर अजून लिहायचा राहिलाय. तुला 'ई' लिहून बघायचा असेल तर पाच ओळी लिहून पाठव, बसवून देते.